भीती हळूहळू घालवायची, म्हणजे नेमकी किती हळू?

रानजाई
नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहते, नोकरी नवी पेठेत. घरी स्कूटी आहे, लायसन्स आहे, आणि तरी रोज रिक्षानं जाते. कारण एकच, विजापूर रोड. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की तळहाताला घाम सुटतो, हँडल गच्च आवळलं जातं आणि गाडी कडेच्या मातीत उतरते.

माझं मत असं आहे की भीती पायरीपायरीनंच जाते, आणि ती घालवणं हे स्वतःला घडवायचंच काम आहे. शिक्षण किंवा नोकरीइतकंच मोठं. त्याचं सर्टिफिकेट मिळत नाही, पण आपण कुठे जातो, कुणाला भेटतो, कुठलं काम अंगावर घेतो हे सगळं शेवटी त्यावरच ठरतं. म्हणून मी सुरुवात केली. आधी कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर चकरा, मग गल्ल्या, मग भाजी आणायला. तिथपर्यंत छान जमलं. आता मात्र मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी येऊन कित्येक आठवडे अडकले आहे.

घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, "एकदा डोळे मिटून सात रस्ता चौकापर्यंत जाऊन ये, विषय संपला." जाऊबाई म्हणतात, "घाई काय आहे, होईल तेव्हा होईल." मला दोन्ही पटत नाही. पायरी चढतोय की पायरीवर बसून राहिलोय, हे ओळखायचं कसं? तुमची भीती कसलीही असो, अनुभव लिहा.

नाक्यावरचा
पहिलं सांगतो, डोळे मिटून जाऊ नका ताई, उघडे ठेवूनच जा :)

बाकी दादांचं बरोबर आहे. आम्ही मोहोळकडचे. उन्हाळ्यात सगळी पोरं विहिरीवर. पाठीला डबा बांधायचा आणि थोरल्यांनी वरून ढकलायचं. नाकातोंडात पाणी गेलं, रडलो, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून उडी मारली. भीतीला जास्त विचार करायला वेळच द्यायचा नाही. पायऱ्या मोजत बसलो असतो तर आजही काठावरच असतो.

भीमाकाठ
नाक्यावरचा, तुम्ही वर आलात म्हणून ही गोष्ट सांगताय. माझ्या चुलतभावालाही असंच ढकललं होतं. आज तो पन्नाशीचा आहे. पंढरपूरला गेला तरी चंद्रभागेत पाय घालत नाही, पायरीवर बसून तांब्यानं पाणी अंगावर घेतो. एकाच पद्धतीनं दोन मुलांना ढकललं, एक पोहायला शिकला आणि एकाला जन्माची धास्ती बसली. ज्याला बसली तो असल्या गप्पांत बोलत नाही, म्हणून ही पद्धत यशस्वी वाटते.

नाक्यावरचा
मुद्दा मान्य. पण आमच्यात तर सगळेच शिकले की हो.

भीमाकाठ
सगळ्यांना विचारून बघा एकदा.

मनोवाट
मी मानसशास्त्रात एम.ए. करतेय, त्यामुळे या विषयावर थोडं जास्त लिहीन, सांभाळून घ्या.

रानजाईताई करताय ते शंभर वर्षांपूर्वी एका लहान मुलावर करून पाहिलेलं आहे. मेरी कव्हर जोन्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1924 मध्ये पीटर नावाच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला सशाची भयंकर भीती होती. सशाचीच नाही, कापूस, पिसं, लोकरीचं काही, सगळ्याची. त्यांनी ससा पिंजऱ्यात घालून खोलीत लांब ठेवला आणि पीटरला त्याचा आवडता खाऊ दिला. मग ससा थोडा जवळ, आणखी जवळ, मग पिंजऱ्याबाहेर. न घाबरणारी मुलंही सोबत खेळायला असायची. शेवटी तो सशाला आपली बोटं कुरतडू द्यायला लागला. पुढे जोसेफ वोल्पे यांनी 1958 मध्ये या कामाला नीट पद्धतीचं रूप दिलं. भीतीच्या प्रसंगांची शिडी करायची, प्रत्येक पायरीला 0 ते 100 गुण द्यायचे आणि खालून वर चढायचं. ते सोबत अंग सैल सोडायलाही शिकवायचे. नंतरच्या कामातून दिसलं की त्या शिथिलीकरणाशिवायही भागतं. मुख्य काम करतं ते त्या गोष्टीला सामोरं जाऊन तिथे टिकणं.

आता मुख्य गोष्ट. भीती वाटली आणि आपण मागे फिरलो की त्या क्षणी खूप हायसं वाटतं. ते हायसं वाटणं हेच भीतीचं खाद्य. मेंदू त्यातून शिकतो की "पळालो म्हणून वाचलो", आणि पुढच्या वेळी आणखी लवकर पळायला लावतो. रस्त्याच्या तोंडाशी येऊन परत फिरण्यात नेमकं हेच होतंय.

आणि विहिरीबद्दल. एकदम सगळ्यात मोठ्या भीतीत उतरवण्याचीही एक पद्धत आहे, पण त्यात त्या माणसाची संमती असते आणि भीती ओसरेपर्यंत कुणीतरी जाणकार सोबत थांबतो. वरून दुसऱ्यानं ढकलणं म्हणजे ती नव्हे. उतरायचं की नाही हे ज्याचं त्याच्या हातात राहिलं पाहिजे.

शेंगाचटणी
म्हणजे ताईंनी स्कूटी स्टँडवर लावायची, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात बसायचं आणि रोज गाडी विजापूर रोडकडे हातभर सरकवायची. आपल्याला ही उपचारपद्धती एकदम पसंत आहे.

रानजाई
शेंगाचटणी, सात रस्त्यापर्यंत पोहोचेस्तोवर डबाच संपेल माझा. :)
मनोवाट, मागे फिरल्यावर हायसं वाटतं ते अगदी तसंच होतं. आणि रिक्षात बसल्यावर तर फारच.

पद्मनगरी
मी सोलापूरच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू. आजोबा, वडील दोघं यंत्रमागावर. शाळा मराठी, पण गल्लीत, दुकानात, सगळीकडे तेलुगूच, त्यामुळे मराठी कळायचं सगळं आणि बोलताना जीभ अडकायची. मुलाखत म्हटलं की पोट बिघडायचं. पुण्यात पहिल्या मुलाखतीला "स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर मी नाव सांगितलं आणि गप्प बसलो.

परत आल्यावर एका सरांनी सांगितलं, मुलाखतीची तयारी सोड, आधी अनोळखी माणसाशी बोलायची तयारी कर. मग सुरू केलं. चाटी गल्लीत दुकानात जाऊन कापडाचा भाव विचारायचा आणि न घेता "धन्यवाद" म्हणून बाहेर पडायचं. ऐकायला सोपं वाटतं, मला घाम फुटायचा. मग गॅस एजन्सीला, बँकेला फोन. मग कॉलेजात वर्गाला सूचना वाचून दाखवणं. मग मित्रांसमोर खोटी मुलाखत.

यात एक गोष्ट मनोवाट यांनी लिहिली नाही ती सांगतो. फोन करायच्या आधी मी सगळं वाक्यन् वाक्य कागदावर लिहून घ्यायचो. फोन व्हायचे, पण भीती होती तेवढीच राहायची, कारण मला वाटायचं कागद होता म्हणून निभावलं. सरांनी कागद काढून घेतला तेव्हा कुठे खरा बदल सुरू झाला. समोरच्या बाईंना माझं एक वाक्य कळलं नाही, त्यांनी परत विचारलं, मी परत सांगितलं, आणि काहीच झालं नाही. तो दिवस माझ्या आयुष्यातला फार मोठा दिवस आहे. आज मी टॉवेलच्या निर्यातीत काम करतो, दिवसभर चार भाषांत फोनवर असतो.

मनोवाट
पद्मनगरी, फार सुंदर लिहिलंत. त्या कागदासारख्या आधारांना आमच्याकडे सेफ्टी बिहेवियर म्हणतात. दिसायला मदत, पण श्रेय सगळं तेच घेऊन जातात. पहिल्या पायऱ्यांवर चालतात, पुढे सोडावे लागतात.

देगाव
मी वेगळं बोलतो, रागावू नका. सगळ्या भीत्या घालवायच्याच का? माझी शेती आहे. रात्री मोटार चालू करायला जाताना सापाला भितो, म्हणून बॅटरी आणि गमबूट घालूनच निघतो. मण्यार रात्रीच फिरते. ही भीती मला नको आहे असं कुणी म्हणालं तर मी ऐकणार नाही. आणि रानजाईताईंची भीतीही खोटी नाही. जड वाहनं शहरातून जातात हे सत्य आहे, अपघात होतात हेही सत्य आहे. उगाच "मनातून काढून टाका" म्हणणं मला पटत नाही.

सातरस्ता
देगावशी शंभर टक्के सहमत. गाडी चालवताना थोडी भीती हवीच. ज्यांना अजिबात नाही ते आमच्या चौकात सिग्नल तोडताना रोज दिसतात.

भटकभवानी
कुत्र्यांचंही तसंच. रात्री गल्लीतून गाडीवर जाताना मागे लागतात, भ्यायचं नाही तर काय करायचं? कुणी सांगेल की कुत्र्यांना हळूहळू हात लावत जा म्हणून!

मनोवाट
भटक्या, अनोळखी कुत्र्यांवर असा सराव कुणीही करू नये. करायचाच तर ओळखीच्या घरचं, लस दिलेलं, शांत कुत्रं, मालक हजर असताना. आणि कुत्रं चावलं किंवा नखानं ओरबाडलं तर जखम लगेच वाहत्या पाण्यानं आणि साबणानं 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यायची. हळद, चुना काही लावायचं नाही. रेबीज एकदा लक्षणं दिसल्यावर जवळजवळ नेहमी जीवघेणा असतो, त्यामुळे इथे दुर्लक्ष चालत नाही.

देगाव, तुमच्या म्हणण्यात मला विरोध दिसत नाही. तुमच्या भीतीनं तुम्हाला बॅटरी घ्यायला लावली आणि तुम्ही शेतात गेलात. तिनं तुम्हाला घरी बसवलं असतं, पाणी द्यायचं राहून गेलं असतं, तर गोष्ट वेगळी होती.

देगाव
हे बरोबर बोललात. आमच्या भावकीत एक जण तसा आहे. साप निघाला एकदा, तेव्हापासून रात्रीच काय, दिवसाही वस्तीवर जात नाही. जमीन वाट्यानं दिलीय.

लाल_थेंब
माझी भीती सुईची आणि रक्ताची. नुसती भीती असती तर ठीक, मी बेशुद्धच पडतो. कंपनीत रक्तदान शिबिर लागलं की रजा टाकायचो. पायरीपायरीनं करायचं म्हणून रक्ताचे फोटो बघायला लागलो तर तिथेही चक्कर. मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं की ही भीती बाकीच्यांपेक्षा निराळी चालते. बाकी भीतीत छाती धडधडते, रक्तदाब वाढतो. यात आधी वाढतो आणि मग एकदम घसरतो, म्हणून माणूस कोसळतो. अशा वेळी "अंग सैल सोड, दीर्घ श्वास घे" हा सल्ला उलटा पडू शकतो.

स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्ट यांनी यावर एक सोपी युक्ती बसवली. हात, पाय, पोट यांचे स्नायू जोरात आवळायचे, 10-15 सेकंद, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत. मग 20-30 सेकंद साधं बसायचं. परत आवळायचं. असं पाचेक वेळा. मी घरी खुर्चीत बसून सराव केला, मग फोटो बघताना, मग मित्र रक्त देत असताना शेजारी बसून. शेवटी स्वतः दिलं. ज्या हातात सुई होती तो सोडून बाकी सगळं अंग आवळून बसलो होतो, नर्सबाई हसत होत्या. 350 मिली गेलं आणि मी शुद्धीवर! घरी जाऊन आईला मिठीच मारली.

ज्यांना अशी चक्कर येते त्यांनी डॉक्टरांना विचारून हे जरूर करून बघा. रक्तदानाला वय 18 पूर्ण आणि वजन निदान 45 किलो लागतं, बाकी तपासणी ते करतातच.

शेंगाचटणी
लाल_थेंब, आईला मिठी मारलीत तेव्हाही अंग आवळूनच होतात का? :) मनापासून अभिनंदन राव. लई भारी काम केलंत.

सुमनमावशी
मुलांनो, मी साठीच्या पुढची बाई, वाचतेय सगळं. हे गेल्यावर मला एकटीनं प्रवास करायची फार भीती बसली. मुलगा पुण्याला. तो म्हणायचा, आई, मी न्यायला येतो. यायचाही बिचारा, एक दिवस रजा काढून. मला ते मनाला लागायचं.

शेजारच्या सूनबाईनं सुचवलं, मावशी, एकदम पुणे नको, आधी कुर्डुवाडीपर्यंत जाऊन या, तिथे तुमची बहीण आहेच. पहिल्यांदा ती सोबत आली. नंतर ती दुसऱ्या डब्यात बसली. नंतर ती नुसती स्टेशनवर सोडायला आली. मग मी एकटी. आता हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाते, पहाटे उठून डबा करते, खिडकी मिळाली तर उजनीचं पाणी बघत जाते. मुलाला स्टेशनवर यायला सांगते, तेवढा मान त्याचा ठेवायचा.

रानजाईबाळ, जाऊ म्हणते होईल तेव्हा होईल, ती मायेनं म्हणते. पण आपण दिवस ठरवल्याशिवाय काही होत नाही गं. मी कॅलेंडरवर लिहून ठेवायचे.

रानजाई
मावशी, तुमची पोस्ट मोठ्यानं वाचून दाखवली घरात. सासूबाई म्हणाल्या, या बाईंना एकदा जेवायला बोलाव.

होममैदान
सुमनमावशी, नमस्कार. मी माझं लिहू की नको असं चाललं होतं, तुमचं वाचून लिहितोय.

मला गर्दीत घाबरं व्हायचं. गड्ड्याला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांच्या संक्रांतीच्या यात्रेत, होम मैदानात पाळण्यांच्या मधे उभा असताना एकदा छातीत धडधड, हातपाय गार, श्वास पुरेना. वाटलं, गेलो. हार्ट अटॅक समजून दवाखान्यात नेलं. ईसीजी, तपासण्या, सगळं नीट. डॉक्टर म्हणाले, पॅनिक अटॅक. त्यांनी सांगितलेलं एक वाक्य मी धरून ठेवलं: हे काही मिनिटांत शिगेला जातं आणि मग उतरतंच, शरीराला ते तसंच्या तसं चालू ठेवता येत नाही.

पण नंतर मी गर्दीच सोडली. आधी गड्डा, मग आठवडी बाजार, मग लग्नं, मग एसटी. घरच्यांना वाटायचं मी माणूसघाणा झालो. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला जायचा रिवाज, त्या घरातला मी संक्रांतीला दार लावून बसायचो.

समुपदेशक ताईंबरोबर शिडी केली. सिद्धेश्वर मंदिरात आधी दुपारी, कुणी नसताना, तळ्याच्या काठानं. मग संध्याकाळी. मग सोमवारी. मग श्रावणी सोमवारी रांगेत. नियम एकच, धडधड सुरू झाली की बाहेर पळायचं नाही, उतरू द्यायची, मग निघायचं. आणि जायच्या आधी वहीत लिहायचं, आज काय होईल असं वाटतंय. "चक्कर येऊन पडेन, लोक हसतील." परत आल्यावर त्याखाली लिहायचं, खरं काय झालं. ती वही अजून आहे. डाव्या बाजूला भयंकर गोष्टी आणि उजव्या बाजूला "काही नाही, प्रसाद घेतला".

यंदा यात्रेतले मानाचे नंदीध्वज बघितले. सातही. संमती कट्ट्यापाशी अक्षता टाकल्या. धडधड झाली, पण गर्दी सोडली नाही.

नाक्यावरचा
होममैदान, वाचून अंगावर काटा आला. एक विचारतो, मधे खंड पडला की भीती परत येते का? माझ्या बायकोचं असं होतं. लिफ्टनं जायला लागली होती, लॉकडाऊनमधे सवय सुटली, आता परत जिना.

मनोवाट
येते, आणि त्यात वहिनींचं काही चुकलेलं नाही. आता संशोधक असं मानतात की जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवीन शिकवण तयार होते, की "इथे असूनही काही झालं नाही". सराव सुटला, जागा बदलली की जुनी वर डोकावते. म्हणून सराव वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी करावा, एकाच लिफ्टमधे नको. दुसऱ्या खेपेला सहसा पहिल्यापेक्षा लवकर जमतं.

अजून एक, सगळ्यांसाठी. मोठा अपघात, हिंसा, अत्याचार यांतून आलेली भीती असेल, किंवा जगणंच थांबलं असेल, तर एकट्यानं शिडी मांडत बसू नका. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही. 2022 पासून सुरू आहे.

सातरस्ता
आता मूळ प्रश्नाकडे या की. ताई बिचाऱ्या रस्त्याच्या तोंडाशीच उभ्या आहेत.

मी रोज त्या रस्त्यानं जातो म्हणून सांगतो. तुम्ही मधली पायरी वगळली आहे. गल्ली आणि सकाळी दहाचा विजापूर रोड यांत फार अंतर आहे. रविवारी पहाटे उजाडल्यावर जा, रस्ता जवळजवळ मोकळा असतो. आधी फक्त संभाजी तलावापर्यंत, तिथे थांबा, चहा घ्या, परत या. मग पत्रकार भवन. मग सात रस्ता. मग तेच शनिवारी दुपारी. कामाच्या वेळेची गर्दी सगळ्यात शेवटी.

आणि ट्रकचं: त्याच्या डाव्या अंगाला चिकटून कधीच राहू नका, वळताना तर अजिबात नाही. केबिनच्या अगदी पुढचं आणि डावीकडचं ड्रायव्हरला दिसत नाही. हॉर्न वाजला की मातीत उतरू नका, तिथेच घसरतं. आपली रेषा धरून वेग कमी करा, तो जाईल पुढे. आयएसआय मार्कचं हेल्मेट, पट्टा लावून.

पद्मनगरी
पायरी की पळवाट, याचं मला समजलेलं सांगतो. ज्या पायरीवर आता काहीच वाटत नाही तिथे आपण अजून रेंगाळत असू, तर ती पळवाट झाली. थोडी धाकधूक हवी, 100 पैकी 40-50. 90 असेल तर मधे एक पायरी घाला. 10 असेल तर उठा, निघा. भाजी आणायला जाताना किती वाटते?

रानजाई
भाजीला शून्य. आणि विजापूर रोड सकाळी दहाला 95. आकडे टाकल्यावर लगेच दिसलं, मधलं सगळं रिकामंच होतं. पहाटेचा रविवार अंदाजे 50 वाटतोय. या रविवारी संभाजी तलाव, कॅलेंडरवर लिहिलं मावशी. नवरा म्हणतो मी मागून माझ्या गाडीवर येतो. तो माझा "कागद" होईल का?

मनोवाट
पहिल्या रविवारी येऊ दे. दुसऱ्याला तलावावर आधी जाऊन थांबू दे. तिसऱ्याला झोपू दे :)

नाक्यावरचा
सगळं वाचून मत थोडं बदललं. बायकोला लिफ्टमधे ओढत नेणार होतो, ते रद्द. पण विहिरीवर मी अजून ठाम आहे.

भीमाकाठ
असा ठाम माणूस बघितला नाही बे! या उन्हाळ्यात या आमच्याकडे, दोघं मिळून भावाला विहिरीच्या पहिल्या पायरीवर बसवू. त्याला विचारून.

उन्हाळी
नवीन सभासद आहे. धागा पूर्ण वाचला. मला दाताच्या डॉक्टरांची भीती आहे, दाढ दुखतेय आणि गोळ्यांवर दिवस काढतेय. शिडी कशी करू? पहिली पायरीच सुचत नाही.

लाल_थेंब
उन्हाळी, आधी सांगा, दाढेला किंवा गालाला सूज आहे का, ताप येतो का? असेल तर शिडी नंतर, आज दवाखाना, सोबत कुणालातरी घेऊन. आणि भीती नेमकी कशाची, सुईची, ड्रिलच्या आवाजाची, की खुर्चीत आडवं पडल्यावर आपल्या हातात काही राहत नाही याची? यातलं कुठलं ते कळलं की पायऱ्या मांडता येतील.

उन्हाळी
सूज नाही, ताप नाही. तिसरं. खुर्चीत पडल्यावर थांबा म्हणता येत नाही, त्याची.

लाल_थेंब
मग पहिली पायरी फोन. तपासणी नको, फक्त विचारायचं, "मी हात वर केला की तुम्ही थांबाल का?" बरेच डॉक्टर हो म्हणतात. उद्या दुपारपर्यंत करा आणि इथे लिहा.